मेथीची पहिली जुडी

३ जून
अहल्या मल्लेश्वरमच्या आमच्या घरून शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला, भावाकडे जाऊन आज नऊ दिवस झाले. रागावून वगैरे नाही. वादिराजच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मदतीला गेली. साड्या सगळ्या नेल्या, कुकर नेला, आधार कार्डही. बायको पहिल्यापासून व्यवस्थित.

६ जून, सकाळी ७
किट आलं! खाली माशांची टाकी, वर भाजीचे ट्रे. माशांच्या घाणीवर भाजी वाढते. दिवा, पंप, माशांचं खाणं, सगळं ॲपवर. "तुम्ही घरात कशालाच हात लावत नाही," ही तिची बत्तीस वर्षांची तक्रार. आता फोनवरून लावीन. मेथी पेरली. तिच्या आवडीची. मेथी आली की तीही येईल.

९ जून
ॲप म्हणतं, मासे सोडण्याआधी चार आठवडे नुसतं पाणी फिरू द्या. मी तीस वर्षं इंजिनिअर होतो. बारा मासे सोडले.
अहल्येला फोन केला. "घरात मासे?" म्हणाली. म्हटलं, खायचे नाहीत, कामाला ठेवलेत. फोन कट झाला. रेंज नसावी.

१५ जून
ॲप तासातासाला ओरडतं: अमोनिया वाढला. नोटिफिकेशन बंद केलं. बरं वाटलं.

१७ जून
चार मासे गेले. हवा बदलली ना.

१९ जून
आणखी पाच. नारळाच्या बुंध्याशी पुरले. आंघोळ केली. जेवलो नाही. (भूकच नव्हती. माशांचा संबंध नाही.)

२८ जून
मेथी चार बोटं! म्हैसूरला भार्गवीला फोटो पाठवला. लेकीचा लगेच फोन.
"अण्णा, मेथी तुम्हाला आवडते. आईला नाही."
मग तिला काय आवडतं?
भार्गवी म्हणाली, "तिलाच विचारा ना."
विचारणार नाही. सरप्राइज बिघडेल.

७ जुलै, संध्याकाळ
जुडी घेऊन मेट्रोनं के. आर. पुरमला गेलो. दार वादिराजनं उघडलं. काठीबिठी नाही, ठणठणीत.
हॉलमध्ये चार बायका. अहल्या त्यांना ब्लाउजचं कटिंग शिकवत होती, हसत होती. तिला हे येतं? मला माहीत नव्हतं.
मला बघून उठली. "बसा." पाणी आणलं, पेल्याखाली ताटली ठेवून. मेथी घेतली. "छान आलीय."
घरी कधी येतेस, विचारलं.
"इथं बरं चाललंय माझं."
रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर बोलायला काहीतरी होतं माझ्याकडे. मेट्रोत ठरवून ठेवलेलं.
"सरी, ठीक आहे," म्हटलं. उठलो.
चपला घालताना आतून एका बाईनं कन्नडमध्ये विचारलं, हे कोण?
अहल्येनं कात्री उचलली असावी, आवाज आला.
"मल्लेश्वरमचे," म्हणाली.