हॉल कोणाले द्याचा

पुरानी बस्ती, रायपूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. रुचितास,

आजीचा जय भीम. इथं सगळे धड आहेत, माहे गुडघे सोडून. पण ते माहं ऐकत कधी होते? तुहा बाप सिलतऱ्याच्या प्लांटमधून काळा होऊन येते अन् अख्खा साबण संपवते. पत्र तुही आई लिहून राहिली. मी बोलीन ते सगळं लिहाचं, अशी शपथ घातली तिले. फोनच केला असता, पण माह्या आवाजावरून तू सारं ओळखते.

मागच्या खेपेला तू मले तुमच्या मंडळीचं काम समजावलं होतं. लोकं कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवतात, सगळ्यांसाठी फुकट, अन् त्यातल्या कोणाले तुमच्या इथं जागा द्याची ते तुम्ही सात जण ठरवता. मी म्हटलं, हा तर आपल्या विहाराचा हॉल झाला. तुहे आजोबा होते ना कमेटीत. हॉल फुकट, लाइट-पंखा फुकट, पण पाटीवर नाव विहाराचं. आत कोणी काही करो, लोकं म्हणतात, विहारानं केलं. म्हणून एकाचंही 'नाही' असलं तर ते हॉल देत नसत. तुमच्यातही तसंच, म्हणाली तू.

मग तुमच्या इथं जागा मागाले आला तो घरमालकांचा प्रोग्राम. भाडेकरूचं आडनाव अन् गाव टाकलं का जात सांगते. आम्ही रायपूरले आलो तेव्हा घरमालक आडनाव विचारे, मग म्हणे, खोली तर कालच गेली. पण त्याले तोंडावर विचारावं तरी लागे, तुह्या आजोबांच्या डोळ्यात पाहून. आता तेवढीही तकलीफ नाही. तू एकटीनं 'नाही' म्हटलं. तुमच्यात सगळं उघड. कोण नाही म्हणालं, काहून म्हणालं, साऱ्या जगाले दिसते. तेव्हा मले लई बरं वाटलं होतं.

इथं थंडी पडली. तुह्या आईनं पंडरीच्या बाजारातून तुह्यासाठी कापड आणलं. रंग मले पसंत नाही.

ती पंडरीले गेली होती तेव्हा घरी एक माणूस आला.

पेन थांबला तुह्या आईचा. लिही, भावना. शपथ आहे.

इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. मले 'आजी' म्हणे. अशी गोड मराठी, का मी हरखली. तुम्ही पोट्टे तर 'क्या दादी' करता. तुह्याबद्दल बारीक बारीक विचारे. मले वाटलं, स्थळ घेऊन आला. मग काय, मी चहा ठेवला अन् तू कुठं राहते, कोणासंगं राहते, बापाची ड्यूटी कधी सुटते, सारं सांगतलं. तू गोल पोळ्या करते असंही सांगतलं, ते खोटं.

उठताना म्हणे, "आजी, रुचिताला समजवा. महिनाअखेरीस पुन्हा विचारतील, तेव्हा आमचा प्रोग्राम येऊ दे म्हणावं. मुलगी एकटी राहते, कशाला कोणाशी वाकडं?" मग माह्या बाजूले बसला अन् फोटो काढला.

तेव्हापासून दाराले कडी आहे. दूधवाला भैया आला तरी आधी खिडकीतून पाहते. मिठाई तशीच आहे. फेकाचीही भीती वाटते मले.

तुही आई रडून राहिली, पण लिहून राहिली. म्हणते, हव, येऊ द्या त्यायचा प्रोग्राम, म्हणून टाक अन् घरी ये. खरं सांगू? मीही हेच लिहाले तिले बसवलं होतं. पण हव तोंडात येते अन् तिथंच बसते. पाटीवर आपलं नाव लागन, पोरी.

तर पत्र भेटलं का त्याच दिवशी खोली बदल. एकटी जाऊ-येऊ नको. तो आला होता, काय म्हणाला, ते तुमच्या त्या उघड्या जागी लिहून टाक. माहं नाव घालून लिही. तुह्या बापाले आज मीच सांगते. तो ओरडन, ओरडू दे.

तो फोटो तुले येईन. त्यात मी हसून राहिली. तेव्हा मले तो पाहुणा वाटला होता. तो फोटो पाहून हव म्हणू नको.

खाली अंगठा माहाच आहे.

कडी लावून बसलेली,
तुही आजी अंजनाबाई