पटावरून काढलेलं नाव

१ डिसेंबर, सोमवार
आज तिसरीत एक मुलगी आली. गोदावरी. आठ वर्षांची, परभणीकडची. आईचे उपचार इथल्या मोठ्या हॉस्पिटलात चालू आहेत, मुक्काम धर्मशाळेत. बाप धोंडिराम वर्गाच्या दारातच उभा. "दिसभर वार्डात बसून लेकरू कोमेजून गेलं, बाई. तुमच्यापाशी बसू द्या." कागद एकही नाही. आधार गावी राहिलं.
मी म्हटलं, बघते. तर आमच्या मालतीबाई, ज्या शाळा झाडतात आणि खरं तर चालवतातही, मागून म्हणाल्या, "बाईनु, चेडवाक आत घेवा. कागद येतले मागसून."
घेतली. अशी मुलं आम्ही नेहमीच घेत आलो. चाळींतली मुलं आता विरार-डोंबिवलीला गेली. उरलेत वॉचमनची, भाजीवाल्यांची आणि ही पेशंटची. भोईवाड्यात आमच्याशिवाय यांना आहे कोण?
हजेरीपटावर नाव घातलं. शेवटून दुसरं.

९ डिसेंबर, मंगळ
गोदा वाचते छान. जोडाक्षरांना अडखळत नाही. डबा नसतो, पण शाळेतली खिचडी दोनदा घेते आणि दुसऱ्यांदा घेताना म्हणते, "ही आईसाठी नाही हं, माझीच." म्हणजे आईसाठीच. मालतीबाईंनी स्टीलचा डबा दिला.

१६ जानेवारी, शुक्र
वाईट दिवस.
साडेदहाला बीट ऑफिसर, आमच्या विभागातल्या शाळा तपासणाऱ्या बाई, अचानक आल्या. पटपडताळणी. प्रत्येक वर्गात मुलं उभी करून मोजली. आपली शाळा परळच्या शाळेत विलीन करायची फाइल वर गेली आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. गोदा आज नव्हती. आईला रक्त चढवायचं होतं.
"हे नाव ऑनलाइन दिसत नाही. आधार नाही, मागचा दाखला नाही आणि मुलगीही हजर नाही."
मी सांगितलं. सगळं सांगितलं.
"कर्णिकबाई, माझा विश्वास आहे हो. पण फाइलवर काय दिसेल? शाळा वाचवायला पट फुगवला. चौकशी लागेल. निवृत्तीला तुमची दोनच वर्षं राहिलीत ना?"
लाल पेन त्यांनीच पुढे केलं. रेघ मी मारली. शेरा लिहिला, 'नाव कमी केले'. खाली सही, इन-चार्ज मुख्याध्यापिका म्हणून.
चौथीचे शेलार सर खिडकीबाहेर बघत होते.
घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मुलगी बसतेय ना वर्गात? मग झालं." झालं का?

१९ जाने., सोम
हजेरी घेताना शेवटी तोंडपाठ म्हणते, "गोदावरी धोंडिराम." ती "हजर" म्हणते. पटावर खूण कुठेच नाही. मुलांना काय कळतंय.

१० फेब्रुवारी, मंगळ
कळलं.
ऑफिसातून पट आणायला मीच गोदाला पाठवलं. विसरूनच गेले. वर्गात येईस्तोवर तिने उघडून पाहिला होता.
"बाई, माझ्या नावावर लाल रेघ का?"
"शाई सांडली ग."
तिने पुन्हा पाहिलं. "सरळ सांडली."
बाकीची मुलं हसली. ती हसली नाही. जागेवर जाऊन बसली, पुस्तक उघडलं. मधल्या सुट्टीत डबा न भरताच बाहेर गेली.
एवढ्या वर्षांत मुलांशी खोटं बोलले असेन, सगळेच बोलतात. पण इतकं घाबरून कधी

१३ मार्च, शुक्र
गोदाची आई बुधवारी सकाळी गेली. आम्हाला आज कळलं. धोंडिराम एकटाच आला, केस काढलेले. मालतीबाईंनी त्याला आत बसवलं, चहा दिला, तो हातातच धरून ठेवला त्याने.
म्हणाला, "पोरीची माय इथंच जाळली. गावी न्यायची सोय नव्हती." मग: "बाई, दाखला द्या लेकीचा. तालुक्याला मुलींचं वसतिगृह हाय. दाखल्याबिगर घेत नाहीत. घरी ठिवली तर भावजय तिला गुरांमागं धाडंल."
मी विचारलं, गोदा कुठे आहे?
"भाईर हाय. आत येत नाही म्हणती."
बाहेर गेले. फाटकाजवळच्या कठड्यावर बसली होती, डबा मांडीवर. धुऊन आणला होता. "मालतीआजीला द्या," म्हणाली. माझ्याकडे पाहिलंच नाही.

१६ मार्च, सोम
अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसला गेले. मी म्हणाले, नाव परत घ्या, चूक माझी, लिहून देते. बीट ऑफिसर बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "कमी केलेलं नाव मार्चमध्ये परत कसं घेणार? विलीनीकरण झालं की नव्या शाळेकडे अर्ज करा. जूनमध्ये." त्या वाईट नाहीत. त्यांच्याही वर कुणी आहे.
बापलेक बुधवारच्या गाडीने चालले.

१७ मार्च, मंगळ
साध्या कागदावर हाताने पत्र लिहिलं. सदर विद्यार्थिनी डिसेंबरपासून इयत्ता तिसरीत नियमित उपस्थित होती, प्रगती उत्तम, पुढील वर्गात घ्यावे ही विनंती. सही केली. फोन नंबर दिला. तिच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबरही धोंडिरामकडून घेतला.
कपाटातून शाळेचा गोल शिक्का काढला, पॅडवर टेकवला. आणि परत ठेवला.
शिक्का पडला की कागद शाळेचा होतो. ज्या नावावर मीच रेघ मारली, त्याच नावाचं प्रमाणपत्र. उद्या कुणी विचारलं तर
धोंडिरामने पत्र कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. शिक्का आहे का ते पाहिलंसुद्धा नाही.
तो गेल्यावर मालतीबाई ओला फडका पिळत म्हणाल्या, "एक शिक्को, बाईनु. तितकोय नाय?"
न सांगता चार वाजता निघून गेल्या.

२४ एप्रिल, शुक्र
शेवटचा दिवस. आदेश आला, जूनपासून विलीन. टेम्पोत बाकं चढली. शेलार सर माहीमला, मी परळच्या शाळेत, मालतीबाई भायखळ्याला. चौदा मुलांचे पालक म्हणतात, मधला मोठा रस्ता ओलांडून लहान मुलांना पाठवणार नाही. कुठे पाठवणार, विचारलं तर "बघू बाई."
शेलार सर सामान बांधताना म्हणाले, "त्या दिवशी मी तुमच्या बाजूने बोलायला हवं होतं." मी म्हटलं, काय बोलला असतात? "तेच ठरवता आलं नाही," म्हणाले.
शाळा तशीही गेलीच. रेघ मारूनही गेली. मग ती कुणासाठी मारली?

१९ जून, शुक्र
परळच्या शाळेत पाचवा दिवस. इथल्या मुख्याध्यापकांना गोदाचा अर्ज दिला. त्यांनी वाचला, नीट घडी घालून फाइलला लावला. "बघू."
दुपारी परभणीकडच्या गुरुजींना फोन. आवाजावरून तरुण वाटले. पत्र त्यांनी पाहिलं होतं. "वसतिगृहवाल्यांनी परत केलं मॅडम. शिक्का नाही म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडं चौथीत बसवू, कागद मागाहून. दोन दिस आली पोरगी. मग नाही." सोमवारी घरी जाऊन येतो म्हणाले.

२२ जून, सोम
गुरुजींचा फोन आला. बाप तिला घेऊन पुण्याकडे बांधकामावर गेला. कुठल्या साइटवर, त्याच्या भावालाही माहीत नाही. धोंडिरामचा फोन बंद.
मालतीबाईंना कळवायला फोन केला. मार्चनंतर आमचं पहिलंच धड बोलणं. ऐकून घेतलं. "मगे? आता काय करतलास?" मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.

२५ जून, गुरु
पुण्याला वासंतीला फोन लावला. डीएडला आम्ही एका बाकावर होतो, आता ती तिकडच्या पालिका शाळेत आहे. बांधकामावरची मुलं त्यांच्याकडे येतात. आजूबाजूच्या शाळांत विचारते म्हणाली.
"इयत्ता?"
"चौथी. तिसरी पास आहे."
"दाखला?"
"नाही."
"पास कुणी केली मग?"
"मी."
मग वासंती म्हणाली, "थांब, पेन घेते. नाव सांग, पूर्ण."
सांगितलं. आईचं नावही सांगितलं.