मोठ्या अक्षरात

प्रिय धाकट्या,

फोनवर हे बोलायला गेले असते तर तू तो मध्येच ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतलाय. शांतपणे वाच.

बाबांचा डिस्क लावायचा प्लेअर बिघडला हे तुला माहीत आहेच. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. बाबा मात्र रोज त्या सिनेमाच्या डिस्क काढायचे, पुसायचे आणि परत आपापल्या कापडी खोळीत घालायचे. उरलेल्या अस्तराच्या त्या खोळी त्यांनीच शिवल्यात. दुकान बंद केलं तरी शिंप्याचा हात स्वस्थ बसत नाही. बाबांवरून तुझं-माझं जे बोलणं चाललं होतं, ते मला आधीच टोचत होतं. त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं.

म्हणून गेल्या रविवारी दुपारी माझा जुना लॅपटॉप काढला, डिस्क घालायचा कप्पा असलेला, आणि वायरने टीव्हीला जोडला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्ची पुढे ओढून बसले. चित्र टीव्हीवर आलं, पण आवाज लॅपटॉपमधूनच. "नट तिकडे, आवाज इकडे. दोघांचं भांडण झालंय का?" म्हणाले. खटपट करून तेही जमवलं. मग काय, विनोद यायच्या आधीच हसत होते, आणि त्यांच्याकडे बघून तुझे भावोजी हसत होते. इतकं बरं वाटत होतं घरात.

तेवढ्यात तुझा मेसेज आला. लॅपटॉपवर येईल ते सगळं टीव्हीवर दिसत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नायिकेच्या गालावरच उमटला. बाबांनी एकेक शब्द लावत मोठ्याने वाचला: "वृद्धाश्रमात जागा झाली. पहिल्या तारखेला न्यायचं. सांगायचं काम तू कर, मला जमणार नाही." मग माझ्याकडे वळले. "अक्षर मोठं आहे, चष्मा लागला नाही. कुणाला न्यायचंय?"

आणि मी काय बोलले माहितीय? "त्याच्या सासूबाईंना." पटकन. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. तुझे भावोजी उठून स्वयंपाकघरात गेले ते बाहेर आलेच नाहीत. सिनेमा शेवटपर्यंत चालला. बाबा पुन्हा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांचं अर्धं कपाट रिकामं. कपडे पिशवीत भरून पलंगाखाली सरकवलेले. म्हणाले, "विहीणबाईंना इकडे घेऊन ये. त्यांना माझी खोली दे, मी हॉलमध्ये झोपेन. माणसाला असं कुठेतरी नेऊन ठेवायचं नसतं गं." आणि मग, "मी गॅसला हात लावणार नाही. नळही नीट बंद करीन." तेव्हापासून ते स्वतःहून चहासुद्धा मागत नाहीत. कप विसळून पालथा घालतात, पाहुण्यासारखे. त्यांना सगळं कळलंय की खरंच विहीणबाईंची काळजी वाटतेय, मला सांगता येत नाही. विचारायचं तोंड नाही. गॅस चालू राहिला म्हणून मी त्यांच्यावर किती ओरडले होते, ते आता मला माझ्याच आवाजात ऐकू येतं.

खरं सांगते, हे पत्र मी तुला पढवायला लिहायला घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात बाबा तुला फोन करणार आहेत, विहीणबाईंना न्यायला येतो म्हणून. तेव्हा तू "हो, त्यांचंच चाललं होतं" म्हणावंस आणि मला सांभाळून घ्यावंस, एवढंच मागायचं होतं. लिहिता लिहिता माझीच मला लाज वाटली. तसं काही सांगू नकोस. त्याआधीच इकडे ये. वृद्धाश्रमातली जागा नको म्हणून मी आज सकाळी कळवलंय. ते माझ्याकडे किती दिवस, तुझ्याकडे किती, ते भांडून ठरवू. पण बाबांना खरं सांगताना तू माझ्या शेजारी बस, एकटीला मला जमणार नाही. आत्ताच त्यांनी आतून हाक मारून विचारलं, विहीणबाईंना दिवा लावून झोपायची सवय आहे का.

तुझीच,
ताई