पाती थंड लागतात

मांडवगण फराटा,
१ सप्टेंबर २०२४

ती. स्व. जयसिंगमामांना सुलक्षणाचा सा. न. वि. वि.

फोन लावला की तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून पत्रच लिहायचं हा तुमचा हट्ट आता माझ्या अंगवळणी पडलाय. दुधाच्या टेम्पोवाला हौसराव दौंडला येतोच. तो पोस्टाच्या आधी पोचवतो, फक्त खिशात ठेवून विसरला नाही म्हणजे मिळवली.

इकडची बातमी चांगली नाही. बिबट्या घराच्या मागच्या उसात येऊन बसलाय. गोठ्यापाशी बांधलेला आमचा कुत्रा गेला, साखळी तेवढी राहिली. तालुक्याला सांगून पिंजरा लावून घेतला, त्यात बांधलेली शेळी आठवडाभर मजेत पाला खातेय.

ह्यांनी गेम खेळायला घेतलेला तो तयार कॉम्प्युटर तुम्हाला आठवत असेल, काचेच्या डब्यात लाल-निळे दिवे असलेला. तुम्ही त्याला तमाशाची गाडी म्हणाला होतात. तोच आता राखणीला लावलाय. घराच्या चारी बाजूंना कॅमेरे आहेत आणि त्यातली चित्रं तो अखंड तपासत असतो. माणूस, वासरू, कुत्रं दिसलं तर गप्प राहतो, बिबट्या दिसला की छतावरचा भोंगा वाजवतो. आतापर्यंत दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा खरा निघाला.

अडचण अशी की आतला कंपनीचा कूलर अगदीच वाटीएवढा आहे. संध्याकाळी तासभर खेळण्यापुरता तो ठीक होता, दिवसरात्र राबायला पुरत नाही. वारा सुटून सगळा ऊस एकदम हलायला लागला की प्रोसेसरचं काम वाढतं, तो नव्वदच्या वर तापतो, पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि परवा तर मशिन आपणहून बंद पडलं. म्हणजे जेव्हा जागं राहायला हवं नेमकं तेव्हाच ते झोपणार. मोठा कूलर बसवायचा ठरलंय. तुमची उभी हयात रेल्वेत यंत्रं उघडण्यात गेली, तेव्हा कुठला घ्यायचा आणि कसा बसवायचा ते तुम्हीच सांगा. डब्याची आतली मापं ह्यांनी सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहेत. कूलर म्हटल्यावर आत्याबाईंनी विचारलं, की त्यात पाणी कोण भरणार.

मला खरी काळजी आत्याबाईंचीच आहे. माझ्या या सासूबाईंना तुम्ही ओळखताच. आधी उजाडताना गोठ्यात जायच्या तेव्हा थाळी बडवत जायच्या. भोंगा आल्यापासून थाळी कधी नेतात, कधी नाही. म्हणतात, भोंगा न्हाई वाजला म्हंजी वाट मोकळी. मला हे त्यांचं म्हणणं अजिबात आवडत नाही.

मामींना नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
सुलक्षणा


दौंड,
५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुलक्षणा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यवतला जाऊन पाशाभाईंच्या झिशानच्या दुकानातून कूलर आणला, तो हौसरावबरोबर पाठवतोय. झिशान म्हणाला की अशा तयार मशिनींत बाहेर रोषणाई आणि आत चिंधीचोरपणा असतो. सर्वांत उंच कूलर तुमच्या डब्याच्या काचेला अडला असता, म्हणून मधल्या मापाचा घेतला. खाली तांब्याचा तळ आहे, त्यातून नळ्या वर जातात आणि वर पत्र्याची पातळ पाती. प्रोसेसरची उष्णता तळातून पात्यांत चढते आणि पंखा ती उडवून लावतो. एवढीच त्याची विद्या.

सत्यजीतरावांना सांग, आधी मशिन थोडा वेळ चालवून गरम करा म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली जुनी पेस्ट सैल होईल. मग वीज काढून जुना कूलर हळूच पिळा देत काढा. हिसका दिलात तर प्रोसेसर मुळासकट हातात येईल. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नको, ती काही पुरणपोळी नव्हे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा. पेस्ट बसायला आठ-पंधरा दिवस जातात, तोवर तापमानाचा आकडा वर दिसला तर घाबरू नका.

आणि आपल्या घरची रीत विसरू नका. नव्या यंत्राला दसऱ्याला हळदीकुंकू लागेपर्यंत त्याचं कुठलंही प्लास्टिक काढायचं नाही, नखानंसुद्धा उचकायचं नाही. आमच्या शेडमध्ये नवं हत्यार आलं की वेष्टणातच वापरायचो आणि पूजेनंतर सोलायचो. एवढ्या वर्षांत माझ्या हाताखाली कधी अपघात झाला नाही. तू हसशील. तुझ्या लग्नातल्या कपाटाच्या आरशाचं प्लास्टिक मी दसऱ्यापर्यंत काढू दिलं नव्हतं आणि दोन महिने तू अंदाजानं कुंकू लावत होतीस, हे विहीणबाई अजून गावभर सांगतात. सांगू देत.

विहीणबाईंना माझा निरोप सांग की भोंगा कितीही शहाणा असला तरी थाळी सोडू नका. त्या माझं ऐकणार नाहीत, तरी सांग.

इकडे सर्व क्षेम. पत्राला उशीर करू नकोस, एवढं या म्हाताऱ्यासाठी कर.

तुझा,
मामा


मांडवगण फराटा,
१८ सप्टेंबर २०२४

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

गणपतीच्या धांदलीत पत्र राहिलं. कूलर बसला. सोपं नव्हतं. कंपनीनं बोर्डामागं भलतीच पट्टी लावलेली, म्हणून ह्यांना सगळा बोर्डच डब्याबाहेर काढावा लागला. आत्याबाई शेजारी बसून एकेक स्क्रू वाटीत घेत होत्या आणि ह्यांना म्हणत होत्या, हळू रं, तुझ्या बापानं असंच रेडू खोललं व्हतं, ते अजून पोत्यात हाय.

पण झालं. पंखा मोठा असल्यामुळे पूर्ण जोरात फिरला तरी त्याचा आवाज येत नाही. घर इतकं शांत झालंय की पहिल्या दिवशी मला चुकल्यासारखं वाटलं. वरचं, बाजूचं, खालचं, सगळं प्लास्टिक तुमच्या सांगण्याप्रमाणे जागच्या जागी आहे. ह्यांचा हात एकदा शिवशिवला होता, पण आत्याबाईंनी दटावलं की इहीबुवांनी सांगितलंय तर दसऱ्यापतुर कळ काढ.

आकडा अजून नव्वदच्या आसपास दिसतो. पेस्ट बसायला वेळ लागतो असं तुम्ही लिहिलंच होतं, म्हणून थांबलोय. गेल्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची कालवड गेली. आमच्याकडचा भोंगा वाजला नाही, तेव्हा इकडून आला नसावा.

थाळीचा निरोप सांगितला. आत्याबाई हसल्या आणि थाळी घासून खुंटीला टांगली.

आमच्यावर नजर असू द्या.

तुमची,
सुलक्षणा


दौंड,
२६ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुलक्षणा हिस आशीर्वाद.

आकडा अजून खाली आला नाही हे मला खटकतंय. एक काम करा. मशिन तापलेलं असताना बाजूची काच काढा आणि पंखा न शिवता कूलरच्या पात्यांना बोट लावून बघा. गरम लागतात की थंड, तेवढंच कळवा. मग काय ते सांगतो.

पितृपक्ष चालू आहे, तुझ्या आईचं पान मी वाढलं. मामीनं तिच्या आवडीची गवारीची भाजी केली होती. कावळा लगेच शिवला, तेव्हा तिची तुझ्याबद्दल काही तक्रार नसावी.

उत्तर लगेच धाड. वाट पाहतो.

तुझा,
मामा


मांडवगण फराटा,
१ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

बोट लावून पाहिलं. तुम्ही उगाच काळजी करता. पाती अगदी थंड लागतात. आत्याबाईंनीही हात लावला आणि म्हणाल्या, माठावानी गार हाय की. त्या दिवसापासून तुमच्या कूलरचं कौतुक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

परवा सकाळी मशिन एकदा बंद दिसलं, पण तेव्हा वीजही ये-जा करत होती. ह्यांनी बटण दाबलं, लगेच चालू झालं.

उसाला तुरे यायला लागलेत आणि वारा सुटलाय. गोठ्यामागच्या ओल्या मातीत परत ठसे उमटलेत. मला ते मोठे वाटले, ह्यांना जुने वाटले. घट बसले की आत्याबाई नऊ दिवस अनवाणी असतात आणि रोजच्या माळेची तरवडाची फुलं त्यांना स्वतःच तोडायची असतात. तरवड नेमका उसाच्या बांधावर आहे. मी जाते म्हटलं तर म्हणाल्या, माळ माझी हाय, पाय बी माझंच पायजेत.

हौसराव ज्योत आणायला तुळजापूरला निघालाय, जाता जाता दौंडला पत्र टाकतो म्हणाला. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची,
सुलक्षणा


दौंड,
९ ऑक्टोबर २०२४

चि. सुलक्षणा,

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. हौसराव ते टेम्पोत ठेवून तुळजापूरला गेला आणि तिकडेच राहिला, तो आज उगवला. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

पाती थंड असणं चांगलं नाही, पोरी. प्रोसेसर नव्वदवर आणि पाती थंड, म्हणजे उष्णता वर चढतच नाही. मधे काहीतरी आडवं आलंय. पत्र वाचून तसाच यवतला गेलो. झिशाननं त्याच जातीचा दुसरा कूलर उघडून उलटा केला. तांब्याच्या तळावर एक पातळ पारदर्शक प्लास्टिक असतं. ते काढूनच बसवायचं असतं. मला ते माहीत नव्हतं. मी काचेवरचं, पंख्यावरचं म्हणत होतो. पण मी कुठलंही असं लिहिलं आणि तू खालचंही ठेवल्याचं लिहिलंस.

शेजारच्या निखतला सांगून तुला यवतहून परत आल्यापासून फोन लावतोय. घंटी वाजते, कोणी उचलत नाही. सत्यजीतरावांचाही लागत नाही. म्हणून हे पत्र मोटरसायकलवाल्या मुलाच्या हाती धाडतो. आधी भोंगा बंद आहे असं समजा. विहीणबाईंना घराबाहेर सोडू नका. त्यांना सांग, थाळी घ्या, मी हात जोडतो.

दसऱ्याची वाट पाहू नका. आत्ताच्या आत्ता सोला.

मामा


मांडवगण फराटा,
२२ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामांना सा. न. वि. वि.

दहाव्याला तुम्ही आलात, पण पारावरच बसून राहिलात. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं मी पाहिलं. म्हणून जे बोलायचं ते लिहिते.

निखतचे फोन येत होते तेव्हा आम्ही सगळे उसाच्या कडेला होतो. सातव्या माळेची सकाळ होती, चांगलं उजाडलं होतं. मी म्हणाले होते की जरा थांबा, हे डेअरीला दूध घालून आले की बरोबर जातील. आत्याबाईंनी अंगणात उभं राहून छताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, भोंगा गप हाय, देवीला कशाला ताटकळत ठिवायची. अनवाणी होत्या, त्यामुळे त्या गेल्याचंही ऐकू आलं नाही. वारा जोरात होता आणि सगळा ऊस हलत होता. बराच वेळ झाला तशी मी हाका मारत बांधावर गेले. तिथे परडी होती आणि फुलं होती. पुढचं तुम्ही लोकांकडून ऐकलंय, ते माझ्याच्यानं लिहवत नाही.

घरात आले तेव्हा मशिनचे दिवे विझलेले होते. ते कधी बंद पडलं कुणालाच ठाऊक नाही. इतकं शांत झालं होतं की चालू आणि बंद यात आम्हाला फरक कळत नव्हता.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि कूलर उतरवला. पेस्ट सगळी प्लास्टिकला चिकटलेली होती, तांब्याला कणभरही लागली नव्हती. त्या प्लास्टिकवर इंग्रजीत लिहिलं आहे की बसवण्याआधी काढावे. मामा, ते मी तेव्हाच वाचलं होतं, ह्यांना वाचूनही दाखवलं होतं. ह्यांनी विचारलं की मग काय करायचं, आणि मीच म्हणाले की मामांनी एवढं बजावलंय, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तुमचा शब्द, ह्यांचा हात आणि माझे डोळे. कुणा एकाला बाजूला काढायला मी पुष्कळ पाहिलं, निघत नाही. मला तुमचा फार राग आला होता. अजून आहे. माझा स्वतःचा त्याहून जास्त आहे.

घटावर सहाच माळा चढल्या. दसरा सुतकात गेला, यंत्राला हळदीकुंकू लागलं नाही. तुमच्या रीतीप्रमाणे ते अजून वेष्टणातच असायला हवं होतं.

मशिन आता नीट चालतं. आकडा साठच्या पुढे जात नाही. पात्यांना बोट लावलं तर गरम लागतात, मी रोज लावून पाहते. काल दिवेलागणीला भोंगा वाजला, अगदी वेळेवर. कॅमेऱ्यात तो बांधावरून सावकाश चालत गेलेला स्पष्ट दिसला. आम्ही दोघं दार लावून आतच होतो. भोंग्याच्या भरवशावर बाहेर जाणारं आता घरात कोणी नाही.

थाळी मी खुंटीवरून काढली आहे. सकाळी गोठ्यात जाताना वाजवत जाते.

पत्र लिहीत राहा. माया आटलेली नाही, पण थोडे दिवस ती मागू नका.

तुमची,
सुलक्षणा