पडद्यामागचं पाणी

प्रिय ओकसिम मावशी,

फोन मुद्दामच केला नाही. मी काहीही विचारलं तरी तू "हो हो, जेवले मी" म्हणतेस आणि ठेवून देतेस. मागच्या खेपेला छुनजाबाईची कुत्री व्याल्याचं सांगत होते, तेव्हाही तू जेवलेलीच होतीस. म्हणून हा कागद. लेकाला, ग्वांगहोला, वाचायला देऊ नकोस, चष्मा लाव आणि स्वतः वाच.

आधी बातमी. माझा कान मोकळा झाला! गेल्या आठवड्यात शहरातल्या डॉक्टरांनी आत बघितलं, ऐकू किती येतं तेही तपासलं आणि म्हणाले, "पडद्यामागचं पाणी पार गेलंय. घरी काय केलंत?" मी म्हटलं, मी कसली करतेय, आमच्या मावशीनं मला काही करू दिलं नाही, तेच मोठं औषध झालं.

शेवाळ कापायचा तो दिवस आठवतोय ना? बुडी मारणाऱ्या सगळ्या बायकांनी एकत्र समुद्रात उतरायचं, घरी बसलेल्या बाईला वाटा नाही आणि वर टोमणे. सर्दीनं नाक चोंदलेलं असतानाही मी उतरले. खाली कान दडपला, म्हणून आपण सगळ्या करतो तसं नाक चिमटीत धरून जोरात फुंकलं. आत काहीतरी चिरल्यासारखं झालं. वर आले तर डाव्या बाजूचं गावच बंद. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. छुनजाबाईनं उन्हात तापलेला गोटा माझ्या कानाला लावला आणि मला खडकावर एका पायावर उड्या मारायला लावलं. मी मारत होते गं, वेड्यासारखी! तू लांबून हात हलवत आलीस. "अगं ए, ते समुद्राचं पाणी नाहीये! तिचं तिचंच साठलंय आत, वाट बंद झालीय. उड्या मारून काय दार उघडतंय होय?" डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. आपोआप ओसरेल, धीर धरा, बुडी बंद, दुखणं वाढलं किंवा कान वाहिला तर लगेच या.

धीर माझ्यात कुठला? तू ते ओळखलंस आणि माझा रबरी पोशाख उचलून सरळ तुझ्या घरी नेलास. "पाण्याला शिवलीस तर तंगडी मोडीन," म्हणालीस. मग रोज सकाळी हजर. उशाला आणखी एक उशी, कानाशी कोमट टॉवेल, नाकात मिठाचं पाणी. चघळायला च्युइंगगम दिलंस, जांभया द्यायला लावल्यास. छुनजाबाई तिळाचं तेल कानात घालायला घेऊन आली, तेव्हा तू ते तेल तिच्याच भाजीत ओतायला सांगितलंस. नाक शिंकरलं की ओरडायचीस, "हळू! भोंगा आहे का तो?"

शेवाळ संपलं, शंखांचा हंगाम आला, बायका दारावरून हसत जायच्या. मी इंचनहून आलेली, संसार मोडून, चाळिशीत बुडी शिकलेली. पाण्यात उतरणं सुटलं तर या बेटावर माझं म्हणावं असं काय उरणार होतं? मी रडले की तू काही समजूत घालायची नाहीस. ओलीच्या ओली यायचीस आणि जाळीतले मूठभर शंख माझ्या परातीत ओतायचीस. दुबळीच्या जाळीत आपल्यातलं टाकायची रीत आहेच आपल्याकडे, पण ती पाण्यात उतरलेल्या बाईसाठी. तू ती माझ्या उंबऱ्यापर्यंत आणलीस.

एकदा विचारलं, मावशी, तुला हे सगळं कसं गं ठाऊक? शंख सोलता सोलता म्हणालीस, "माझे कान असेच गेले. सर्दी असली की डोकेदुखीची पूड खायची आणि उतरायचं. माझा पोशाख उचलून न्यायला कोणी नव्हतं." आणि पुढचा शंख घेतलास. त्या दिवशी म्हणायचं राहिलं, ते आज लिहिते. तुझ्याइतक्या मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही.

मग ती मोटरबोट आली. भोंगा वाजतोय, आम्ही किंचाळतोय आणि तू निवांत डोकं वर काढतेस. बोट तुला घासून गेली. ग्वांगहो आला आणि तुला देजॉनला त्याच्या घरी घेऊन गेला, जिथं समुद्र औषधालाही नाही. जाताना तू सारखी मागं वळून पाण्याकडे बघत होतीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरांनी मला यंदा फक्त पाय टेकतील तिथंच उतरायला सांगितलंय. तो उथळ भाग म्हाताऱ्यांचा, सत्तरीच्या आतल्या बाईनं तिथं शिरायचं नाही. मी आपल्या बायकांच्या बैठकीत परवानगी मागितली, तर काय गदारोळ! छुनजाबाई म्हणाली, "हिला आत सोडलं तर म्हाताऱ्यांसाठी शिंपलंसुद्धा ठेवणार नाही." शेवटी ठरलं की एका म्हातारीबरोबर जोडीनं उतरायचं, दोघींच्या कमरेला मिळून एक दोरी, बोट आली की मी ती ओढून कळवायचं. पण बाकी सगळ्यांच्या जोड्या जुन्या आहेत. मी सगळ्यांना विचारून आले, मला कोणी घेईना. ग्वांगहोशी बोलले, तो म्हणाला, आईचं आईला विचारा. तर विचारते, मावशी. तुझी सोय म्हणून नाही, माझी अडचण म्हणून. तू आल्याशिवाय मला पाण्यात पाय घालता येत नाही. येशील?

तुझीच,
दोरी घेऊन बसलेली युनही