चुलीमागचा कोयता

पप्पा, मी पोलिसांच्या कादंबऱ्या लिहिते हे तुम्हाला माहीतच नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी बँकेत नुकती लागले होते आणि मला रजेचा अर्जसुद्धा धड लिहिता येत नव्हता. आता लखनौला येऊन अर्धं आयुष्य झालं. घर विकास नगरला, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी खालच्या सब्जीवाल्या भैयाशी हिंदीत भांडते आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मराठीत लिहिते. पुस्तकं पुण्यात छापली जातात. त्यांतला इन्स्पेक्टर आपल्यासारखा ख्रिस्ती आहे, तुमच्यासारखाच उंच, आणि चौकशीला जाण्याआधी जीपमध्ये डोळे मिटून जरा वेळ गप्प बसतो. तुम्ही हवालदार म्हणूनच निवृत्त झालात, मी तुम्हाला बढती दिली. लेखकाच्या हातात तेवढं असतं. वाचकांना तो आवडतो, कारण तो कुणावर हात उगारत नाही, खोटं बोलत नाही, आणि शेवटी त्याचंच बरोबर निघतं. मागच्या पुस्तकाच्या पाठीवर संपादकांनी मला न विचारता छापलं की ही मालिका लेखिकेच्या वडिलांच्या सचोटीच्या नोकरीवर बेतलेली आहे, आणि आपल्या तालुक्याचं नावही टाकलं. ते वाचून मी वरवर कुरकुरले, पण आतून सुखावले होते.

नवं पुस्तक शेवटच्या प्रकरणाशी अडलं आहे. इन्स्पेक्टर कोर्टात साक्षीला उभा आहे. खून आरोपीनेच केला याची त्याला खात्री आहे. फक्त हत्यार जिथे सापडलं असं पंचनाम्यात लिहिलं आहे, तिथे ते सापडलेलं नाही. खरं बोलला तर खुनी सुटतो. खोटं बोलला तर देवासमोर घेतलेली शपथ मोडते. तुमच्या नातवाला ही गोष्ट सांगितली, तर मोबाइलवरून नजर न काढता तो म्हणाला, ‘बोल दे न झूठ, मम्मी. कौन-सा असली आदमी है.’ त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. असली आदमी कोण, हे त्याला सांगायचं तर तुमच्या गुडघ्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

तुम्ही दर रविवारी देवळात यायचात, गीतं खड्या आवाजात म्हणायचात, पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला सगळे पुढे जात तेव्हा दाराजवळच्या बाकावर बसून राहायचात. गुडघे दुखतात, पुढे जाऊन गुडघे टेकता येत नाहीत, असं सांगायचात. पाळकांना ते पटलं, आईला पटवून घ्यावं लागलं, मला मात्र कधीच पटलं नाही. कारण घरी तेच गुडघे मोडून तुम्ही तासन्‌तास सायकलचं पंक्चर काढत बसायचात. माझा पहिला तपास हाच. आणि मग तो नाताळचा आठवडा. आई करंज्या तळते आहे, मी लाटते आहे, तुम्ही पाटावर बसून खोबरं किसता आहात. सारण माझ्या हातून जळलेलं असतं आणि मी ते शेजारच्या मुलीच्या नावावर खपवते, कारण ती बिचारी घरी गेलेली असते. तुमचा हात थांबतो. ‘आपलं पाप पदरी घ्यावं, दुसऱ्याच्या पदरात घालू नये,’ तुम्ही म्हणता, ‘ते काम आम्ही ठाण्यात करतो.’ मला वाटतं, थट्टा आहे. पण तुम्ही वर बघतच नाही. किसणीकडे बघत सांगता, की एका खुनाच्या तपासात कोयता ओढ्यात सापडला होता आणि पंचनाम्यात तो एका माणसाच्या घरात, चुलीमागे सापडला. कोर्टात तुम्ही तसंच सांगितलं. ‘बाकीच्यांना शपथ पाठ होती, मला तिचा अर्थ ठाऊक होता,’ इतकं बोलून तुम्ही थांबलात. आई म्हणाली, सणासुदीचं पुरे आता. तो माणूस कोण, त्याचं पुढे काय झालं, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही करंजीला हातही लावला नाहीत.

इथल्या देवळात उपासना हिंदीत असते. पाप मान लेना, असं इथे म्हणतात. मला ते फार सोपं वाटतं, समोरच्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं. आपल्याकडे पाप पदरी घ्यावं लागतं, आणि पदरात घेतलेलं वागवावं लागतं. तुम्ही ते दाराजवळच्या बाकावर शेवटपर्यंत वागवलंत, हे मला आता कळतं. पण पप्पा, तुम्ही वागवत होतात ते तुमचं होतं. ज्याच्या पदरात घातलंत त्याचं काय, हा प्रश्न इतकी पुस्तकं लिहून मला एकदाही पडला नाही, आणि याचा मला आता राग येतो, थोडा माझा आणि बराचसा तुमचा.

मेमध्ये इथल्या मराठी मंडळात माझ्या पुस्तकांवर गप्पांचा कार्यक्रम झाला. तो संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. मुलगा रेल्वेत इंजिनियर, त्याच्याकडे उन्हाळ्यापुरते आलेले. तुम्ही हवालदारसाहेबांच्या कन्या ना, असं त्यांनी विचारलं, आणि आपल्या तालुक्याची बोली ऐकून मला इतका आनंद झाला की मी त्यांना पुढच्या रविवारी चहालाच बोलावलं. ते मलिहाबादचे दशहरी आंबे घेऊन आले. बसले, पाणी प्यायले, घर छान आहे म्हणाले. मग अगदी सावकाश, कुठेही आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की चुलीमागे कोयता सापडला ते घर त्यांचं. तुरुंगात गेला तो त्यांचा थोरला भाऊ. तिथेच आजारी पडला आणि वारला. दादाचं नाव त्यांनी पहिल्यांदा घेतलं तेव्हा मी चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होते आणि तशीच मांडत राहिले.

मी म्हणाले, काका, तुमच्या भावाने ते केलं नव्हतं का? ‘ते मला माहीत नाही,’ ते म्हणाले. ‘दादा तापट होता. केलंही असेल. पण आमच्या चुलीमागे कोयता नव्हता. राख मी काढायचो, एवढं मला माहीत आहे.’ मला वाटलं होतं ते रागावतील, भाऊ निर्दोष होता म्हणतील, मग मलाही काही उत्तर देता आलं असतं. त्यांनी मंडळाच्या कपाटातली माझी सगळी पुस्तकं वाचली होती. इन्स्पेक्टर चांगला माणूस आहे म्हणाले. प्रत्येक पुस्तकात देवाची क्षमा मागतो, तेही त्यांना आवडलं. ‘फक्त तो कुणाच्या घरी जात नाही,’ ते म्हणाले, आणि आंब्याची पेटी सावलीत ठेवा, असंही सांगितलं.

उठताना त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांनी घरी कधी आमच्या दादाची आठवण काढली होती का? एवढंच. चष्म्याआड त्यांचे डोळे अगदी लहान मुलासारखे झाले होते. मी म्हणाले, ‘रोज काढायचे. रात्रीच्या प्रार्थनेत, नाव घेऊन.’ आणि थोड्या वेळापूर्वी ऐकलेलं ते नाव मी तुमच्या आवाजात घेतलं, तुम्ही प्रार्थनेत शब्द जरा लांबवत होतात तसं. इतकी वर्षं लोकांच्या तोंडी वाक्यं घालण्याचा धंदा केला, ते कुठे तरी कामाला येणारच. ते पुन्हा खाली बसले. ‘नाव घेऊन?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. आमची आई असती तर तिला सांगितलं असतं, एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसला.

पुढचे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ते गावी परत निघाले, त्या दिवशी मी बँकेतून अर्धी रजा घेऊन चारबाग स्टेशनला गेले, खरं सांगायचंच असं ठरवून. रिक्षात वाक्यं जुळवली होती. फलाटावर हमालांची धावपळ, उकाडा, आणि काका मला बघून इतके खूश झाले की त्यांनी सुनेला पुढे केलं. यांचे वडील आपल्या मोठ्या काकांचं नाव घेऊन रोज प्रार्थना करायचे, असं त्यांनी तिला सांगितलं, आणि ती त्या गर्दीत माझ्या पाया पडली. त्यांचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, बाबा त्या दिवसापासून नीट झोपतायत, सच में. तुमचे उपकार आहेत.’ गाडी लागली होती. सांगायला भरपूर वेळ होता. मी काकांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि पाण्याची बाटली घेतली ना, असं विचारलं.

तेव्हापासून इन्स्पेक्टर साक्षीला उभाच आहे. संपादकांचा फोन येतो, कुठवर आलं विचारतात. खरं बोललेला इन्स्पेक्टर मी दोनदा लिहिला. फार छान बोलतो, वाचक टाळ्या वाजवतील, आणि मला त्याची चीड येते. खोटं बोलणारा लिहायला बसले, तर त्याचं कारण इतकं पटतं की भीती वाटते. तुमचंही कारण तुम्हाला असंच पटलं असेल का? एक खुनी मोकळा फिरू नये म्हणून तुम्ही बोललात. एक म्हातारा शांत झोपावा म्हणून मी बोलले. तुमच्यापेक्षा माझं पाप लहान आहे असं मनाशी म्हणून बघितलं, पण काकांच्या घरातले सगळे आता माझं खोटं खरं मानून चालणार आहेत.

मेलेल्यांनी जिवंतांसाठी प्रार्थना करावी की नाही, आणि मेलेल्यांसाठी तरी करावी की नाही, यावर आपल्या देवळात काय शिकवतात ते मला माहीत आहे. त्या वादात मी पडत नाही. हे पत्र पाठवायचंच तर काकांना पाठवायला हवं, आणि तेवढी माझी छाती नाही. म्हणून तुम्हालाच मागते. तुम्ही जिथे असाल तिथे त्या माणसासाठी एकदा प्रार्थना करा, नाव घेऊन, म्हणजे मी बोलले ते थोडं तरी खरं होईल. नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तुमच्या लक्षात आहे असं मी धरून चालले आहे, पण खरं सांगायचं तर पप्पा, मला तशी खात्री नाही.