अण्णांची दुपारची झोप

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझ्या त्या धरणाच्या कामावर फोन लागत नाही, म्हणून तिकडे येणाऱ्या गाडीबरोबर हे पत्र. अण्णांचं डोक्याचं ऑपरेशन पार पडलं. साकळलेलं रक्त काढलं. सूज उतरेपर्यंत कवटीचा एक तुकडा बाजूला काढून ठेवलाय. पण सकाळी शुद्धीवर आले आणि चहा पांचट आहे म्हणून कुरकुरलेसुद्धा!

आता दुपारचे मस्त घोरताहेत. सिस्टर उठवून बघायला आल्या, तर मीच अडवलं. म्हटलं, जन्मभर छापखान्यात रात्रपाळी केलेला माणूस आहे, दुपारी उठवलात तर वॉर्ड डोक्यावर घेईल. त्या हसून पुढच्या खाटेकडे गेल्या.

काळजी करू नकोस. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझा,
धाकटा

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ. जीव भांड्यात पडला बघ. चहाला नावं ठेवली म्हणजे अण्णा बरे झालेच! झोपू दे त्यांना. लहानपणी त्यांच्या झोपेपायी आपण बेलला फडकं गुंडाळायचो, घरभर चवड्यांवर चालायचो. तसंच कर हो. मी रजा टाकली आहे.

स्वतःही जेवत जा. माया आहे, ती वाढू दे.
तुझी,
ताई

दि. ५ मार्च

ती. ताईस,
सा. न. तुझं पत्र वाचलं. ताई, ती झोप नव्हतीच गं.

परवा पत्र गाडीत देऊन येतो, तर डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं लहानसं यंत्र खाटेशी घेऊन आलेल्या. मला वाटायचं, ते पोटातल्या बाळापुरतंच. एरवी म्हणे कवटी आड येते. पण हाड काढलेल्या जागी त्यांनी ते अलगद टेकवलं आणि पडद्यावर अण्णांचा मेंदू दिसला. मधली रेघ मधोमध हवी, ती एका बाजूला ढकलली गेली होती. आत पुन्हा रक्त साचत होतं. किती वेळ उठले नाहीत, असं त्यांनी विचारलं. त्या झोपेवर मीच पहारा करत होतो ना! तसेच धावत ऑपरेशनला नेलं.

आता थोड्या थोड्या वेळाने उठवून बघायला सांगितलंय. काल दिवसभर हाका मारल्या, गदागदा हलवलं. अण्णा रागावले नाहीत. ताई, मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

हे पाकिटात घालण्याआधी पुन्हा हाक मारली. कपाळावर झोपमोडीची ती जुनी आठी आली आणि माझा हात झिडकारला त्यांनी! मी तिथेच ढसाढसा रडलो.

लोभ घेऊन लवकर ये. आणि येताना पाय आपटत ये.
तुझा,
धाकटा